काचेच्या दुकानातला माझा अर्धा हिस्सा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा काच कापणे व चौकटी बसवणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाला, भिडेला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता हे मृत्युपत्र करत आहे. माझा उजवा हात थरथरतो. पाय मनात येईल तेव्हा जमिनीला चिकटतात. चेहऱ्यावर हसू उमटत नाही आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. यांपैकी एकाही गोष्टीचा माझ्या अकलेशी संबंध नाही. हे वाक्य मी टंकलेखन करणाऱ्या बाईंकडून तीनदा वाचून घेतले आहे, कारण गेली अकरा वर्षे लोक माझा हात बघून माझ्या डोक्याचा अंदाज बांधत आले आहेत. शंका असेल त्याने सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला वाचावा. त्यानंतरही शंका उरली तर स्वतःचे डोके तपासून घ्यावे.

“काका, हे पण लिहायचं?” बाई विचारतात.

हे तर आधी लिहायचे.

पहिले. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मध्यंतरी एका हक्कसोडपत्रावर सही करायला मला नेण्यात आले होते, पण ते पार पडले नाही. त्याची हकीकत पुढे येईल.

दुसरे. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची बाल्कनी, मी माझ्या एकुलत्या एका मुलीला देतो. तिची आई या रोगाच्या आधीच गेली, त्यामुळे सगळे या पोरीच्याच गळ्यात पडले. ती परगावी नोकरी करते, तरी दर महिन्याला येते आणि आल्या आल्या औषधांचे डबे भरते. तिचे प्रेम मला ठाऊक आहे. पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून हेही नोंदवतो: दोन वर्षांपूर्वी आम्ही बाहेर जेवायला गेलो असता वाढपी माझ्याकडे बघून तिला म्हणाला, “हे काय घेतील?” आणि तिने सांगितले, “त्यांना काहीतरी मऊ आणा.” मी समोर बसलो होतो. माझे दात शाबूत आहेत. त्याने विचारले हा त्याचा दोष, तिने उत्तर दिले हा तिचा. बाळ, घर तुझेच आहे, पण पुढे कधी कोणा थरथरत्या माणसाबरोबर बसलीस तर त्यालाच विचार आणि त्याचे वाक्य संपेपर्यंत थांब. वाक्य हळू येते, पण येते.

घर विकायचे झाल्यास न्हाणीघराच्या भिंतीतले लोखंडी दांडे काढू नयेत. येणाऱ्याला आज त्यांची गरज नसेल. मलाही नव्हती.

तिसरे. माझी हत्यारे: काच कापायचे दोन हिरे, लाकडी पट्ट्या, काटकोन धरायचा गुण्या, काच उचलायचे रबरी पंजे, चौकटीचे कोन कापायची करवत. ही सर्व मी आमच्या दुकानात काचेच्या कडा घासणाऱ्या बाईंना देतो. कारण सांगणे भाग आहे.

काच कापणे म्हणजे प्रत्यक्षात काच कापणे नव्हे. हिऱ्याने तिच्यावर एक रेघ ओढायची, एकदाच, एका दमात. रेघेवर पुन्हा रेघ ओढली की काच बिघडते. रेघ बरोबर पडली की कागद फाडल्यासारखा बारीक आवाज येतो, मग टेबलाच्या काठावर हलका दाब दिला की काच सरळ दुभंगते. हा आवाज मी एकेचाळीस वर्षे ऐकला. मग एका वर्षी तो अडखळू लागला. मनगट आखडायचे, दाब मध्येच कमी व्हायचा. हात थरथरायचा तो काम नसताना, मांडीवर ठेवला की. कामाला लावला की थरथर थांबायची. त्यामुळे लोक म्हणायचे, बघा, मनात आणलं की बरोबर थांबतो, म्हणजे नाटकच. मेंदूच्या डॉक्टरांनी मला खोलीभर चालवले, बोटे उघडमीट करायला लावली आणि सांगितले, पार्किन्सन्स. कंपवात. बरा होत नाही, पण गोळ्यांनी आवरता येतो. मी विचारले, “काच कापता येईल?” ते पुढच्या रुग्णाचा कागद उघडत म्हणाले, “धोक्याची कामं टाळा.” झाले. एकेचाळीस वर्षांचा हिशोब एका वाक्यात उरकला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्याच्या दुकानाचा आरसा माझ्या हातून गेला. मोठा होता, माणसाच्या उंचीचा. रेघ वाकडी पडली आणि तडा सुसाट भलतीकडे गेला. तो बिचारा समोरच उभा होता. मी तुकडे उचलायला वाकलो होतो, काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीमागे, तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा दबका आवाज ऐकला. धाकटा म्हणजे माझा दुकानातला भागीदार, वयाने सात वर्षांनी लहान, मी बोट धरून धंद्यात आणलेला.

“काय सांगू तुम्हाला,” तो म्हणाला, “दादा हल्ली घेतात. सकाळीसुद्धा उतरलेली नसते.”

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही. हे धाकट्याला माहीत होते. रोगाचे नावही त्याला माहीत होते, दवाखान्यात तोच बरोबर आला होता.

गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारले, “असं का सांगितलंस?”

“दादा, दारू म्हटलं की लोक हळहळतात आणि माल घेतात. रोग म्हटलं की समोरच्या दुकानात जातात. धंदा चालवायचाय ना?”

महिन्याभरात बाजारपेठभर झाले. ज्यांच्या घरांना मी खिडक्या बसवल्या ते मला बघून रस्ता ओलांडू लागले. कोणी उपदेश करू लागले. एकाने तर दारू सोडवणाऱ्या औषधाची पुडी आणून दिली. साऱ्या बाजारात एकट्या कडा घासणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. पाणी सोडलेल्या चाकावर काच धरून, मान वर न करता त्या धाकट्याला म्हणाल्या, “दारूचा वास कसा असतो ते मला शिकवू नका. माझ्या घरी रोज येतो. दादांना येत नाही.” त्या पगारावर होत्या, दोन मुली शिकत होत्या, आणि तरी बोलल्या. माझा सख्खा भाऊ खरे बोलला नाही. म्हणून हिरे त्यांचे. त्यांना काच कापता येते, मी शिकवले आहे. आजवर कोणी विचारले नव्हते, एवढेच.

चौथे. दुकानातला माझा अर्धा हिस्सा. या कलमासाठीच हा सारा खटाटोप.

दारूच्या बोभाट्यानंतर मी दुकानात जाणे सोडले. दोन वर्षे घरात बसलो. दाढी नाही, फिरणे नाही. शर्टाची बटणे लावायला पाऊण तास लागायचा म्हणून बिनबटणाचे घालायचो. दारावर कोणी आले की दिवा मालवायचो. धाकटा येई, पाच मिनिटे बसे, घड्याळ बघे. एके दिवशी त्याने हक्कसोडपत्र आणले. “दादा, तुला आता झेपत नाही. सही कर आणि मोकळा हो. तुझं मी बघेन.” मी हो म्हटले. त्या दिवसांत कोणी माझे कान मागितले असते तरी काढून दिले असते.

नोंदणी कचेरीत कारकुनाने जुना भागीदारीचा करार काढला. त्यावरची माझी सही ऐटबाज होती, शेवटच्या अक्षराची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. आता या रोगात अक्षर आकसते. सुरुवात बरी होते आणि मग शब्द चोरासारखे बारीक होत जातात. माझी नवी सही बघून कारकून म्हणाला, “ही तुमची सही नाही.”

“माझीच आहे.”

“मग ही मुंगी कोणी काढली?”

“साहेब, त्यांची तब्येत बरी नसते,” धाकटा म्हणाला.

“बरी नसते तर डॉक्टरांचा दाखला आणा. शुद्धीत आहेत की नाहीत ते आधी ठरवा, मग या.”

“दादा, जरा नीट कर ना सही!” धाकटा ओरडला. चारचौघांत, पाटीवर अक्षर चुकलेल्या पोरावर ओरडावे तसा. आणि कागद गुंडाळून तरातरा गाडी आणायला निघून गेला.

ज्या रोगाने माझा धंदा नेला, त्याच रोगाने त्या दिवशी माझे दुकान वाचवले. त्याच्या नावावर एवढी एक चांगली गोष्ट जमा आहे, ती नाकारत नाही.

मी त्याच्या मागे निघालो आणि दारात अडकलो. उंबरा नव्हता, काही नव्हते, पण पाय उचलेना. मागे रांग तुंबली. “आजोबा, सरका ना!” एक जण म्हणाला. दुसरा हसून म्हणाला, “चढवून आलेत वाटतं.” तेवढ्यात एक ठेंगण्या बाई रांगेतून पुढे आल्या आणि त्यांनी आपले पाऊल माझ्या पावलासमोर आडवे ठेवले.

“माझ्या पायावरून जा,” त्या म्हणाल्या. “विचार करू नका. ओलांडा.”

मी पाय उचलला. उचलला गेला! बाहेर आल्यावर विचारले, “तुम्हाला कसं कळलं?”

“माझाही अडकतो. दारात, लिफ्टच्या तोंडाशी, आणि नणंद आली की.” त्यांनी हात दाखवला, माझ्यासारखाच. “मंगळवारी साडेदहाला वाचनालयाच्या मागच्या खोलीत या. उशीर झाला तरी चालेल, आम्ही सगळेच उशिरा येतो.”

या हेडबाई. अडतीस वर्षे शाळेत होत्या, शेवटची नऊ मुख्याध्यापिका.

पहिल्या मंगळवारी मी खोलीच्या बाहेरूनच परतणार होतो. आत चौदा माणसे होती. कोणाचा हात, कोणाची हनुवटी, कोणाचा गुडघा, काही ना काही हलत होते, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हते. मला कोणी चहा दिला. कप अर्धाच भरलेला होता. आजूबाजूला बघितले तर सगळ्यांचे कप अर्धेच. न मागता, न विचारता. दोन वर्षांत मी चारचौघांत चहा प्यायलो नव्हतो, सांडेल म्हणून. त्या दिवशी दोन अर्धे प्यायलो.

मग मी एकही मंगळवार चुकवला नाही. आम्ही जमिनीवर चिकटपट्ट्या लावून त्या ओलांडत चालायचो. बसलेला आवाज वर यावा म्हणून छाती भरून आकडे म्हणायचो, शंभरपर्यंत. कोणत्या गोळीने मळमळते, बटणाऐवजी काय लावावे, मुलांशी कसे भांडावे, सारे तिथे कळले. डॉक्टरांनी मला आजाराचे नाव सांगितले. त्याच्याबरोबर जगायचे कसे हे त्या खोलीने सांगितले. माझ्या शेजारी नेहमी एक माणूस बसायचा, तीस वर्षे शहराची बस चालवलेला. त्याला आम्ही ड्रायव्हरसाहेब म्हणायचो. वाचनालयात आलेल्या एका चिमुरडीने त्याला विचारले होते, “आजोबा, तुमचा हात कोण हलवतंय?” तो म्हणाला, “मी पण त्यालाच शोधतोय. दिसला तर सांग.” पोरगी टेबलाखाली जाऊन शोधू लागली.

हे मुद्दाम नोंदवले, कारण वर्षभराने वाचनालयाच्या चिटणिसांनी आम्हाला काढले ते मुलांचे नाव पुढे करून. पत्रात होते, “वातावरणास बाधा येते.” तोंडाने म्हणाले, “लोक विचारतात, हे वाचनालय आहे की इस्पितळ? लहान मुलं घाबरतात.”

हेडबाई म्हणाल्या, “मुलं मी अडतीस वर्षं सांभाळली. मुलं घाबरत नाहीत. मोठी माणसं घाबरतात आणि मुलांचं नाव सांगतात.”

चिटणिसांनी कुलूप बदलले. बागेत भेटून पाहिले, पण बाकांना पाठी नव्हत्या आणि स्वच्छतागृह लांब. तीन मंगळवारांत चौदाचे सहा झालो. खोली गेली की माणसे पुन्हा घरात जातात आणि दिवे मालवतात. मला ते दिवे माहीत होते. संतापाने मला झोप लागेना. चौथ्या मंगळवारी मी दाढी केली आणि तीन वर्षांनी दुकानात पाऊल टाकले.

“अर्धं दुकान माझं आहे,” मी धाकट्याला म्हणालो. “दर मंगळवारी दहा ते बारा माझी चौदा माणसं इथे बसतील.”

“दादा, काचा आहेत! चौदा माणसं, चौदा जणांचे हात! एकाचा तोल गेला तर?”

“तर माझ्या अर्ध्यातली फुटली असं समज.”

“आणि गिऱ्हाईकांना काय सांगू?”

“या वेळी खरं सांगून बघ.”

पहिल्या मंगळवारी कडा घासणाऱ्या बाईंनी घोड्या भिंतीला लावून दिल्या, आम्ही खुर्च्या मांडल्या, आणि धाकटा काचांपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला, घरात शिरणारी जनावरे अडवावीत तसा. आम्ही छाती भरून सुरुवात केली, “एक! दोन! तीन!” त्या गजराने धाकटा असा दचकला की त्याचे कोपर मागे बसले आणि खिडकीची एक मोठी काच खळ्ळकन खाली आली. ड्रायव्हरसाहेब शांतपणे म्हणाले, “साहेब, तुम्हाला होऊन किती वर्षं झाली?”

न हलणारे चेहरे घेऊन आम्ही इतके हसलो की दोघांना पाणी द्यावे लागले. धाकटा हसला नाही. पण पुढच्या मंगळवारी त्याने फरशीवर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारून ठेवल्या होत्या, पाऊलभर अंतराच्या, गुण्या लावून, अगदी सरळ. आज आम्ही एकवीस आहोत. दोन गिऱ्हाईके तुटली, खोटे कशाला सांगू. तीन नवी आली, त्यांतल्या एकाची आई आता मंगळवारी येते.

तरी पांढऱ्या रेघांनी बाजारातली बदनामी पुसली जात नाही. त्या रेघा मारून सात वर्षे झाली, केस कापणारा मला अजून विचारतो, “सुटली का हो?” सुटायला लागलेली असावी लागते!

म्हणून दुकानातला माझा अर्धा हिस्सा मी या मंगळवारच्या मंडळाला देतो. उरलेल्या दिवशी तिथे काचेचे काम नेहमीसारखे चालावे. मंगळवारी दहा ते बारा दुकान मंडळाचे. धाकट्याला किंवा त्याच्या वारसांना मंडळाच्या संमतीवाचून दुकान विकता येणार नाही, दारात पायरी बांधता येणार नाही आणि “वातावरणास बाधा” हे शब्द त्या जागेत उच्चारता येणार नाहीत. शेवटची अट कायद्याने टिकत नाही असे हे मृत्युपत्र तपासणाऱ्या वकीलबाई म्हणतात. राहू दे.

पाचवे. वाचनालयाला व त्याच्या चिटणिसांना मी काहीही देत नाही. त्या इमारतीच्या बावीस खिडक्यांच्या काचा माझ्या हातच्या आहेत. तेवढे पुरे झाले.

सहावे. ड्रायव्हरसाहेब गेल्या वर्षी गेले. त्यांच्या मुलांनी वर्तमानपत्रात छापले, “अल्पशा आजाराने निधन.” अल्पशा! बारा वर्षे तो आजार त्या माणसाच्या ताटात जेवला, अंथरुणात झोपला, त्याचा परवाना घेऊन गेला, आवाज घेऊन गेला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मोठा मुलगा दारातच कुजबुजला, “त्या आजाराचं इथे काढू नका, मुलीचं लग्न ठरतंय.” आम्ही सतरा जण हलत्या हातांनी दारात उभे होतो. काय काढायचे राहिले होते? माझ्या बाबतीत असे झाल्यास चालणार नाही. बातमीत आजाराचे नाव ठळक अक्षरांत द्यावे, आणि तो किती वर्षे होता तेही. कोणाचे लग्न मोडत असेल तर ते आधीच मोडलेले बरे.

सातवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हेडबाईंनी करावी. “त्यांना झेपेल का?” असे वकीलबाईंनी विचारले. चांगल्या बाई आहेत, पण त्यांनीही तेच विचारले! हेडबाईंच्या हातून अकराशे मुले शिकून गेली, मला दारातून बाहेर काढायला त्यांना एक पाऊल लागले. झेपेल.

आठवे. साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी समजावले. मुलीला घर, बाईंना हत्यारे, मंडळाला दुकान, म्हणजे ही माझी सगळी जवळची माणसे बाद. औषधांच्या दुकानदारांनी हो म्हटले. दुसरा कोण, यावर मी दोन दिवस विचार केला. धाकट्याला यात काहीही मिळत नाही. म्हणजे कायद्याने तोच सगळ्यांत योग्य. त्याला हे सारे पहिल्या शब्दापासून वाचून दाखवावे, दारूचे कलम गाळू नये, आणि मग छाती असेल तर त्याने सही करावी. मी त्याला क्षमा केलेली नाही. क्षमेचे कलम या मृत्युपत्रात नाही.

माझी सही मुंगीएवढी येईल. ती माझीच आहे. सोबत अंगठाही देत आहे.

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल.
वेळ व दिवस: महिन्याची नऊ तारीख, बुधवार, सकाळी पावणेदहा.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही व डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार एक: औषधांचे दुकानदार. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. ते मला गेली अकरा वर्षे माहीत आहेत. पूर्ण शुद्धीत आहेत, आणि आज जरा जास्तच.

साक्षीदार दोन: सख्खा धाकटा भाऊ, काचेचे दुकान. सर्व वाचून ऐकवले, तासभर लागला. दादाने माझ्यासमोर सही केली. खालचे वाक्य मी माझ्या हाताने, कोणी न सांगता लिहीत आहे. वकीलबाई म्हणाल्या साक्षीदाराने एवढे लिहायची गरज नसते, पण मला लिहायचे आहे. माझ्या भावाने दारू कधीच घेतली नाही, त्याला पार्किन्सन्स आहे, मी खोटे बोललो. याची एक नक्कल मी दुकानाच्या दर्शनी काचेवर आतून चिकटवणार आहे, बाहेरून वाचता येईल अशी.